अकरा वर्षांचा भाडेकरू

शनिवार, ५ एप्रिल

दातवाले,

काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. ठकूनं काही त्रास दिला नाही, ती बिचारी तोंडात अंगठा घालून गाढ झोपली होती. सासूबाईंचं पत्र आलं म्हणून झोप उडाली.

हे तुमच्याशी तोंडानं बोलले असते. पण सकाळी ठकूला तुमच्याकडे सोडते तेव्हा दारात दादाच तिला घेतो, आणि त्याच्यासमोर मला हे बोलता येणार नाही. म्हणून ही चिठ्ठी तिच्या पिशवीत लंगोटांच्या खाली ठेवतेय. लंगोट तुम्हीच बदलता. दादा एवढी मोठी बस गल्लीबोळातून काढतो, पण लंगोट बघितला की त्याला डेपोतलं काहीतरी काम आठवतं.

सासूबाईंना तुम्ही कधी बघितलं नाही. त्यांनी जन्मभर छापखान्यात मशीनशेजारी काम केलं, त्यात कान गेले. कानाशी ओरडलं तर ऐकू येतं, फोनवर काहीच नाही. म्हणून त्या पत्र लिहितात, आणि तेही तार केल्यासारखं. आलंय ते असं: ‘ठकू दिवसभर कोणाकडे असते ते मला इथं दुसऱ्यांकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. गुरुवारी येते. ते घर मला डोळ्यांनी बघायचंय. बघून काय ते ठरवीन.’ खाली सही. ठकू कशी आहे, एवढंसुद्धा नाही.

काय ते ठरवीन म्हणजे काय हो दातवाले? मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल. ठकूचा बाबा बंदरात क्रेनखाली गेला, तेव्हापासून त्यांच्या मुलाचं म्हणून जगात जे काही उरलंय ते ठकूच. त्यांचं स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे. माझ्याकडे एक खोली आणि दवाखान्याच्या लाँड्रीतलं काम. दिवसभर गरम रोलरमधून चादरी ओढायच्या आणि घड्या घालायच्या. कोर्टात उभं केलं तर मी काय सांगणार, चादरीची घडी छान घालते म्हणून?

आमच्या मुकादमबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या नात्यातल्या एकीचं पोर सासरच्यांनी कोर्टात जाऊन नेलं, आणि तिच्या घरात तर वावगं असं काहीच नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझ्या ठकूला तर काय, मामाही मामा आणि मामीही मामा. बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले.

तुम्ही दोघं एकवीस तारखेची किती वाट बघताय ते मला माहितीय. आता पुरुषाला पुरुषाशी रजिस्टर लग्न करता येतं असा कायदा झाला, त्या दिवशी दादानं अख्ख्या डेपोला चहा पाजला. मला परत परत फोन करून सांगितलं, जसं काही इतकी वर्षं मीच अडवून धरलं होतं. पण तुमची नावं रजिस्टर ऑफिसच्या फळ्यावर लागलीत, आणि ते ऑफिस स्टेशनच्या रस्त्यावरच आहे. सासूबाईंना ऐकू येत नाही, पण त्या रस्त्यानं चालताना पाट्या, फळे, भिंतीवरच्या जाहिराती सगळं वाचत वाचत चालतात. छापखान्याची सवय.

म्हणून मागते. नावं काढून घ्या, तारीख पुढं ढकला. आणि सासूबाई इथं आहेत तोवर तुम्ही दादाचे भाडेकरू व्हा. खोली भाड्यानं घेतलीय, कवळ्यांचा धंदा तिथेच करता, आणि घरीच असता म्हणून ठकूकडे लक्ष ठेवता. बस, एवढंच. घर दादाच्या नावावर आहे म्हणून भाडेकरू तुम्हालाच व्हावं लागेल.

दादाला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं होत नाही. माझ्यावर रागवायचं तर रागवा, पण सोमवारी ठकूला घ्या.

छोटी


सोमवार, ७ एप्रिल

छोटे,

चिठ्ठी मिळाली. यापुढं लंगोटांच्या खाली ठेवू नकोस. अर्ध्या ओळी ओल्या झाल्या होत्या, त्या अंदाजानं वाचल्या. वरच्या कप्प्यात ठेव, तिथं तुझा दादा बघत नाही.

पहिली गोष्ट, मी रागावलो नाही. दुसरी गोष्ट, तुझ्या लेकीला खालचा दात येतोय. बोट फिरवलं की टोक लागतं. कितीतरी लोकांच्या तोंडात मी केलेल्या कवळ्या आहेत, पण माझ्या हाताखालून न जाता आलेला आमच्या घरातला हा पहिलाच दात. दिवसभर मी तेच बघत होतो, त्यामुळं दातांच्या एका डॉक्टरांचं काम राहिलं.

तुझ्या दादाला सांगितलं. तो कप विसळत होता. तोच कप बराच वेळ विसळत राहिला. मग म्हणाला, भाडेकरू तर भाडेकरू, भाडं वेळेवर दे म्हणजे झालं. मला वाटलं गंमत करतोय. पण झोपायच्या आधी विचारलं, की हे छोटीनं मला का नाही सांगितलं. मी म्हटलं, घाबरलीय ती. तो म्हणाला, मला घाबरते? याचं उत्तर तूच त्याला दे.

आज ऑफिसात जाऊन नावं उतरवून आलो. खिडकीतला कारकून भला माणूस आहे. वाकून हळूच म्हणाला, भांडलात का, होतं असं, दोघंही घरी जा, निवांत चहा घ्या आणि परत या. मी म्हटलं, भांडण नाही हो, सासूबाई येतायत. तो म्हणाला, मग बरोबर आहे.

बाकी तयारी अशी. माझी उशी कामाच्या खोलीतल्या बाकावर गेली. शर्ट वेगळ्या खिळ्याला. दाढीचं सामान प्लास्टरच्या डब्यांशेजारी. आमचा दोघांचा फोटो काढला, तर भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा राहिला. तिथं माळ्यावरचं एक कॅलेंडर लावलं. आता अडचण माझीच आहे. ठकूला भात किती मऊ लागतो, तिला कोणत्या कुशीवर झोप येते, हे भाडेकरूला माहीत असावं का? बहुतेक नसावं. मी विसरायचा सराव करतोय.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या सासूबाईंनी विचारलं तू कोण, तर मी भाडेकरू म्हणीन, त्यात काही नाही. पण उद्या ठकूनं विचारलं तर काय सांगायचं? घाई नाही. विचार करून ठेव.

तूर्तास भाडेकरू


मंगळवार, १५ एप्रिल

दातवाले,

काल संध्याकाळी सासूबाई गेल्या. जाताना काही म्हणजे काहीच बोलल्या नाहीत. मला सुट्टी मिळाली नाही, त्यामुळं दिवसभर त्या तुमच्याकडे होत्या. रात्री माझ्या खोलीवर यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी कानाशी जाऊन विचारलं, घर कसं वाटलं. म्हणाल्या, झोप आता, सकाळी काम आहे तुला.

स्टेशनवर गाडी लागल्यावर ठकूच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा ओठ खाली करून तो नवा दात बघितला. मग मला म्हणाल्या, पत्र लिहीन. चढल्या आणि खिडकीतून दुसरीकडेच बघत बसल्या. मला तिथेच रडू फुटलं असतं, पण कडेवर ठकू होती. ती माझं तोंड बघून सुरू करते.

तिथं काय झालं ते सांगा. मला कोणीच काही सांगत नाही. दादा फोन उचलत नाही. सकाळी दारात आता तुम्ही असता, आणि आत नळ चालू असल्याचा आवाज येतो. इतका वेळ कोण हात धुतं? मी हाक न मारताच निघाले.

मुकादमबाई म्हणतात, वकील बघून ठेव. मी काय करू?

छोटी


बुधवार, १६ एप्रिल

छोटे,

सगळं सांगतो. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्या तुझ्या खोलीवरून आमच्याकडे आल्या, सगळं घर फिरून बघितलं, मोरीत सुद्धा डोकावल्या, आणि खुर्ची ओढून माझ्या कामाच्या टेबलासमोर बसल्या. मी ठरल्याप्रमाणे परक्यासारखा कवळीचं मेण कापत होतो. दादानं रजा काढली होती. ठकू त्याच्या कडेवर होती आणि माझ्याकडे हात पसरून रडत होती. मी मान वर केली नाही. ती लाल झाली, पाय झाडायला लागली. सासूबाईंना ते रडणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, अहो भाडेकरू, घ्या तिला, पोर खाली पडेल. घेतलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि मोठा उसासा सोडला, जशी काही ऑफिसातून दमून आलीय.

जेवताना मी बघितलं, त्या एकाच बाजूनं चावत होत्या, आणि बोलायला लागल्या की वरची कवळी खाली येऊन खटखट वाजत होती. मला राहवलं नाही. जवळ जाऊन ओरडून सांगितलं, डावीकडे हिरडीला टोचतंय, काढून द्या, घासून देतो. छोटे, बाई परक्या पुरुषासमोर एक वेळ रडेल, पण दात काढून ठेवणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका पाठ फिरवून काढतात आणि रुमालात देतात. तुझ्या सासूबाईंनी माझ्याकडे बघत काढले, बशीत ठेवले आणि बोळक्या तोंडानं म्हणाल्या, घासा.

मला वाटलं, जमलं. शनिवारी कवळी नीट बसली, त्यांनी दोन्ही बाजूंनी टोस्ट खाल्ला, चहा न बुडवता. आणि तिथेच आपण घसरलो. खाता खाता विचारलं, किती वर्षं राहता इथं? अकरा, मी म्हटलं. खरं होतं तेच तोंडातून गेलं. मग विचारलं, भाडं किती? आता छोटे, उशी, शर्ट, फोटो, सगळं ठरवलं आपण. भाडं ठरवायचं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी सुचेल तो आकडा सांगितला. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि तुझ्या दादाला तेच विचारलं. त्यांना ऐकू यावं म्हणून तो ओरडला, ते मलाही ऐकू आलं आणि बहुधा गल्लीलाही. माझ्या आकड्याच्या निम्मं भाडं सांगितलं त्यानं. त्या परत येऊन बसल्या, उरलेला टोस्ट खाल्ला आणि म्हणाल्या, घरमालक मोठ्या मनाचा दिसतोय.

आता दादाचं. काल मी कॅलेंडर काढून फोटो परत लावायला गेलो, तर म्हणाला, राहू दे तेच. नावं परत लावायला तो येणार नाही म्हणतो. म्हणाला, एकदा लावली आणि बहिणीसाठी उतरवली, परत लावायची आणि परत कोणाची तरी सासू यायची. तो चिडलेला असता तर मी समजूत काढली असती. चिडलेला नाही तो. बस नेतो, बस आणतो, जेवतो, झोपतो. मला त्याचीच काळजी वाटते. अकरा वर्षं आम्ही कुठल्याही कागदाशिवाय राहिलो, पुढंही राहू. पण त्यानं त्या दिवसासाठी शर्ट शिवायला टाकला होता. तो आणायला तो गेला नाही.

वकिलाचं मला कळत नाही. एवढं कळतं की काहीही झालं तरी सकाळी आमचं दार ठकूसाठी उघडं असेल. तू तुझ्या वेळेला ये.

दातवाला


सोमवार, २१ एप्रिल

सूनबाई,

बुधवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी लिहून टाकते. नेहमीपेक्षा लांब होईल. नीट वाच.

आधी हे. ठकूला मी नेणार असं वाटलं तुला. स्टेशनवर तुझं तोंड बघून मला ते कळलं आणि तिथं बोलले असते, तर गाडी सुटली असती. मी नेणार? माझे गुडघे बघितलेस का? ती रांगत पलंगाखाली गेली तर बाहेर काढायला मला शेजारून माणूस आणावा लागेल. पोर तुझं आहे आणि तुझ्याकडेच राहील. हे पुन्हा एकदा वाच, मग पुढचं.

तुम्ही तिघं मिळून माझ्याशी खोटं बोललात. त्याचा राग आला. त्याहून जास्त राग याचा, की धड खोटंही बोलता आलं नाही. भाडं ठरवलेलं नाही. आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मी जन्मभर कॅलेंडरं छापली, मला गेल्या वर्षीचं कळणार नाही असं वाटलं तुम्हाला?

मी दोन गोष्टी बघायला आले होते. घर स्वच्छ आहे का, आणि ते दोघं लग्न करून राहतात का. इथं सगळे म्हणतात, आता कायदा झालाय, तशा लोकांची लग्नं होतात. मला वाटलं यांचं झालंही असेल, आणि तू मला बोलावलं नाहीस. त्याच रागात आले. येऊन बघते तर भाडेकरू.

खरं सांगते, दोन पुरुषांचा संसार माझ्या डोक्यात बसत नाही. चार दिवस समोर बसून बघितला तरी बसला नाही. पण ठकू रडली की कोणाकडे हात करते ते बघितलं. माझ्या डोक्यात बसेपर्यंत त्यांनी थांबायचं म्हटलं तर मी तेवढी जगायची नाही.

आता मुख्य. माझा मुलगा गेला त्या दिवशी आपण दोघी बंदराच्या फाटकावर उभ्या होतो. आत एकीलाच सोडणार होते. साहेबानं विचारलं, लग्नाची बायको कोण. मला, त्याच्या आईला, त्यानं हातानं बाजूला केलं आणि तुला आत नेलं. त्या दिवशी तुझा फार राग आला होता मला. नंतर घरी बसून विचार केला. तू त्याची कोण हे तुला कोणाला पटवून द्यावं लागलं नाही. तेवढ्या वाईट दिवशी तेवढी एक गोष्ट बरी झाली. तुझा भाऊ दिवसभर रस्त्यावर बस चालवतो. देव न करो, पण उद्या काही झालं, तर त्या दातवाल्याला फाटकावर काय म्हणून आत सोडतील? भाडेकरू म्हणून?

आणि ठकूला शाळेत विचारलं, तुला न्यायला आलाय तो कोण, तर तिनं काय सांगायचं? लग्न झालं की नातं सांगता येतं. धाकटा मामा म्हणू दे, दातमामा म्हणू दे, तिला जमेल ते म्हणू दे. पण सांगता आलं पाहिजे.

माझी नात बिनलग्नाच्या घरात दिवसभर राहायची नाही. त्यांना तारीख घ्यायला सांग. बघून काय ते ठरवीन असं लिहिलं होतं, ते हे ठरवलं.

मला कळव, मी येईन. कवळी आता हलत नाही, त्याला सांग. डोळ्यावर पट्टी असेल तोवर तुझं पत्र दुसरं कोणीतरी माझ्या कानाशी ओरडून वाचेल. तेव्हा चारचौघांत नको असलेलं काही लिहू नकोस.

सासू


रविवार, २७ एप्रिल

आई,

डोळा कसा आहे? चोळू नका. पट्टी तुम्हीच सोडून बघाल असं मला वाटतंय, सोडू नका.

तुमचं पत्र दारात उभ्यानंच वाचलं. गुडघ्यांची ओळ वाचली आणि खाली बसले. जीव असा भांड्यात पडला की पुढचं वाचायला सुचेना. ठकूला पोटाशी धरून तिथेच आडवी झाले आणि झोपले, दिवा चालूच ठेवून. तिनं केस ओढून उठवलं तेव्हा उजाडलं होतं आणि माझी कामाची पाळी बुडाली होती. मुकादमबाई ओरडणार होत्या, त्यांच्या हातात मी तुमचं पत्र दिलं. त्यांनी रोलर बंद करून सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. मग मला म्हणाल्या, तुझी सासू बदलून देतेस का, माझी घे. त्यांनी त्या दिवशीची हजेरी लावली.

तुम्ही म्हणालात चारचौघांत नको असलेलं लिहू नकोस. पण आता असं काही राहिलंच नाही माझ्याकडे. सगळं लपवून लपवून तर हे झालं.

आज दादाची सुट्टी होती. चिठ्ठी, पिशवी काही नाही, मी तुमचं पत्र घेऊन सरळ त्यांच्या घरी गेले आणि दोघांना समोर बसवून वाचलं. कॅलेंडरची ओळ आली तेव्हा दातवाल्यांच्या हातातलं प्लास्टर सांडलं, इतके हसले. उठून त्यांनी आधी ते कॅलेंडर काढलं. फाटकाचं वाचायला लागले तेव्हा दातवाले खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बाहेर बघत राहिले. गल्लीत बघण्यासारखं काही नव्हतं.

दादा हसला नाही. मी म्हटलं, दादा, माझं चुकलं. घाबरले आणि तुला लपवायला निघाले. आता तारीख घे.

तो ठकूच्या पायातला मोजा काढत होता, परत घालत होता. वर न बघता म्हणाला, “छोटे, लग्न ठरलं ते मी तुला सांगितलं. पुढं ढकलायचं ठरलं ते तू याला लिहिलंस. आता करायचं ठरलं ते सासूबाईंनी तुला लिहिलं. पिशवीतून चिठ्ठ्या गेल्या, पोस्टानं पत्रं गेली. लग्न माझं आहे ना? मला एक ओळ तरी कोणी लिहिली का?”

आई, खरंच नाही लिहिली. मी म्हटलं, सासूबाई तुझ्याशी फोनवर बोलल्या असत्या रे, पण त्यांना ऐकू येत नाही. तो म्हणाला, “ऐकू येत नाही. बोलता तर येतं.”

मग ठकूला घेऊन चक्कर मारायला गेला. दातवाले म्हणाले, राग नाही त्याला, त्याला कोणीतरी विचारायला हवंय. आमचे आईबाबा असते तर त्यांनी विचारलं असतं, किंवा नसतंही विचारलं. ते नाहीत. मोठं माणूस म्हणून आता तुम्हीच आहात. मी त्याची धाकटी बहीण, माझ्या म्हणण्याला काय किंमत, आणि त्यातून मी त्याला एकदा घरमालक करून ठेवलेलं. जाताना दारात त्यानं मला थांबवलं, ठकूचं टोपडं नीट केलं, आणि सकाळी वेळेवर आण म्हणाला. म्हणजे उद्यापासून दारात तोच असेल. मला तेवढ्यानंच हलकं वाटलं.

आता मला भीती नाही आई, फक्त घाई आहे. शिंप्याकडे त्याचा शर्ट तयार पडलाय. ऑफिसातल्या कारकुनानं परत या म्हणून सांगितलंय. दातवाल्यांनी फोटो लावला, पण तो वाकडा लागलाय आणि दादानं तो अजून सरळ केलेला नाही. एरवी तो एक मिनिट राहू देत नाही.

आणि आता हे जे कोणी वाचून दाखवताय, त्यांच्यासाठी. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. शेजारच्या असाल, दवाखान्यातल्या नर्स असाल, दूध घालायला आलेले असाल. इथवर ओरडून वाचलंत, तुमचा घसा दुखत असेल, पण अजून एक काम करा. दादाचा नंबर कागदाच्या मागं मोठ्या आकड्यांत लिहिलाय. दुपारी त्याची बस डेपोत उभी असते आणि तो आत एकटा डबा खात बसतो, तेव्हा उचलतो. फोन लावा, तो आईंच्या हातात द्या, आणि दुसऱ्या कानाशी जाऊन सांगा, बोला. मला लिहिलं तेच त्याला सांगायचं, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरसकट. तो पलीकडून काही बोलणार नाही. त्याला भरून आलं की त्याचा आवाज फुटत नाही, लहानपणापासून. आईंना तसंही ऐकू येणार नाही, तेव्हा दोघांचं छान जमेल. फक्त तो गप्प आहे म्हणून फोन ठेवून देऊ नका. त्यांचं सगळं सांगून होऊ दे. चहा थांबेल, पट्टी थांबेल, पत्राचं उत्तर तर सावकाश आलं तरी चालेल. आधी माझ्या भावाला फोन करा.